घसारा

सदतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या
महालेखाकारांच्या कचेरीत, हिरव्या पेन्सिलीनं.
खुर्च्या, जीपगाड्या, पाण्याचे पंप,
सगळ्यांचा घसारा ठरलेला, दरसाल इतके टक्के.
शेवटी एक रुपया उरतो.
तो पुस्तकात ठेवायचाच असतो,
वस्तू अजून आहे म्हणून.

आता माझी एकच वही.
उरवाई दरवाज्यापासून वरच्या वळणावरच्या कडुनिंबापर्यंत:
एकावन्नाव्या वर्षी सहा मिनिटं बावीस,
साठाव्या वर्षी सात एक,
सहासष्टाव्या वर्षी सात सत्तेचाळीस.
गेल्या डिसेंबरात सात अठ्ठावन्न.
अकरा सेकंद गेले एका वर्षात.
कुठे गेले, त्याचं व्हाउचर नाही.

कंपूतल्या मुन्ने खाँनं चेन हातात धरून दाखवली:
"चेन लंबी नहीं होती बाई, पिन घिसती है."
मी काही बोलले नाही.
खाली पाहिलं, माझ्या डाव्या गुडघ्याकडे.

मग वर्षभर हिशोब बदलला.
पूर्वी रोज रेटत होते, रोज दमत होते,
आणि त्यालाच मेहनत म्हणत होते.
आता मंगळवारी आणि शुक्रवारीच जीव काढायचा,
बाकीचे दिवस मुरारपर्यंत इतकं सावकाश
की दूधवाला सोबत गप्पा मारत येतो.
ओट्याला धरून उठाबशा, पंधरा आणि पंधरा.
दुपारी झोप, लाज न बाळगता.
माहेरी कुणी अंड्याला शिवलं नव्हतं,
मी रोज दोन उकडते.
दौलतगंजातल्या नणंदबाई आल्या की
पातेलं झाकून ठेवते, एवढंच.

आज धुकं होतं.
कडा दिसत नव्हता, कड्यातले तीर्थंकर दिसत नव्हते,
फक्त पाय, दगडाचे, माझ्या डोक्याच्या वर,
शेकडो वर्षं एकाच जागी, सरळ गुडघ्यांनी.
मी त्यांच्या खालून धापा टाकत जाते,
दर वेळी थोडी ओशाळते.
त्यांना कुठे जायचं नाही.
मला तरी कुठे जायचंय?
कडुनिंबापर्यंत.

तिसऱ्या वळणावर मागून एक पोरगा आला,
काळा चष्मा, पायांत चमकते बूट.
"माताजी, साइड!"
दिली साइड.
एकेकाळी मागे लागले असते,
छाती फुटेपर्यंत, दोन वळणं तरी.
आज एक दात खाली उतरवला,
श्वास नाकातून मोजला
आणि त्याचा दिवा धुक्यात विरघळू दिला.
त्याची वही वेगळी.

वर पूर्वी हे उभे असायचे,
मफलर कानावरून बांधलेला, हातात स्टॉपवॉच,
शेवटचे पन्नास मीटर ओरडत:
"पागनीसबाई, मान वर!"
चारचौघांत तसंच म्हणायचे, आडनावानं.
पाच हिवाळे झाले.
आता बटण मीच दाबते, खाली आणि वर.
अंगठा गारठलेला असतो, अर्धं सेकंद उशीर होतो,
तो मी माझ्याच खात्यात टाकते.
मान मात्र वर करते. कुणी सांगत नाही, तरी.

आठ मिनिटं दोन.

कडुनिंबाला सायकल टेकवली,
खिशातून गजकेचा तुकडा काढला, तो दातांत अडकला,
आणि उभ्या उभ्या वजाबाकी केली.
चार.
मागच्या वर्षी अकरा गेले, या वर्षी चार.
हरलेच आहे, पण हरण्याचा वेग
मी कमी करून आणलाय.
हे कुणाला सांगावं?
मुन्ने खाँला कळेल. नणंदबाईंना नाही.

धुकं हलत होतं. खाली लष्कराची छतं
एकेक करून वर येत होती, पाण्याच्या टाक्यांसकट.
कुठल्यातरी गच्चीवर कुणी गोधडी झटकत होतं.

उताराची नोंद मी ठेवत नाही.
उतारावर डोळ्यांतून पाणी येतं, ते वाऱ्यामुळे,
आणि वय कितीही असलं तरी तेच येतं.
ब्रेक मात्र
परवाच नवे घालून घेतलेत.